शेडमधले चाळीस दिवस

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातील एका गावात राहतो. चार एकर जिरायत जमीन आहे आणि तिच्या जोडीला बँकेचे कर्ज काढून पाच हजार पक्ष्यांचे ब्रॉयलर शेड उभे केले आहे. कंपनीशी करार आहे. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची; शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणूक आमची. बॅच गेली की किलोमागे ग्रोइंग चार्ज मिळतो. त्यावर घर चालते आणि मुलीचे पुण्यातील शिक्षणही चालते. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली असताना ती पहिल्यांदाच लिफ्टिंगच्या, म्हणजे तयार पक्षी उचलून गाडीत भरण्याच्या, रात्री शेडमध्ये थांबली. त्या दिवसापासून तिने मांस, मासे सगळे सोडले आहे. तिने मला एवढेच विचारले, ‘‘बाबा, ह्यांना एकदा तरी ऊन दिसतं का?’’ मला उत्तर सुचले नाही आणि रागाच्या भरात मी म्हणालो, ‘‘याच कोंबड्यांवर तुझी फी भरतोय.’’ ती गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेली.

माझे वडील म्हणतात, आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जत्रेला बकरे पडते, देवालाही ते चालते, मग यात पाप कसले? आई माळकरी आहे. ती म्हणते, देवाने नातीला सुबुद्धी दिली. मला मात्र रात्री झोप लागत नाही. मी करतो ते पाप आहे का? मांस खाणेच मुळात वाईट आहे का? मी शेड बंद करावे का? चैत्रात गावची जत्रा आहे आणि मुलगी येणार नाही म्हणते. कृपया मार्ग दाखवावा.

– एक पोल्ट्रीधारक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातील तीन माणसे तुमच्याशी तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत आणि तुम्ही त्या एकाच प्रश्नाची उत्तरे म्हणून ऐकत आहात. वडील रूढी काय म्हणते ते सांगत आहेत. काय खाल्ल्याने आणि काय टाळल्याने माणूस शुद्ध राहतो, हे आई सांगते आहे. मुलीने मात्र त्या पक्ष्याच्या वाट्याला काय येते, एवढेच विचारले. तिने कापण्याबद्दल अवाक्षर काढले नाही, उन्हाबद्दल विचारले. मला तिचा प्रश्न सर्वांत नेमका वाटतो, म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांचा विचार मी त्याच्याच आधाराने करणार आहे. पशुवैद्य म्हणून नोकरीची सारी वर्षे गोठ्यांत आणि शेडमध्ये काढली असल्यामुळे त्या रात्री तिने काय पाहिले असेल, याची मला कल्पना आहे.

तुम्हाला ते रोजचे आहे, पण एकदा तिच्या डोळ्यांनी पाहा. पक्ष्यांसमोरचे खाद्य आठ-दहा तास आधीच उचललेले असते. रात्री उशिरा गाडी लागते, दिवे मंद होतात आणि पकडणारी टोळी आत शिरते. एकेका हातात तीन-तीन, चार-चार पक्षी पायाला धरून उलटे उचलले जातात. दोन-अडीच किलोचा देह एका पायावर लोंबकळतो तेव्हा मांडीचा सांधा निखळू शकतो, फडफडताना पंख क्रेटच्या कडेला आपटून मोडतो. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. उलटे धरले की पोटातील अवयवांचा भार त्याच्या हवेच्या पिशव्यांवर येतो आणि श्वास घेणेच जड जाते. थोड्या वेळाने तो निपचित होतो. पाहणाऱ्याला तो शांत झाला असे वाटते, पण ती पुष्कळदा भीतीने आलेली जडता असते. टोळीला बहुतेक ठिकाणी गाडीमागे किंवा नगामागे पैसे मिळतात, त्यामुळे घाई ही त्या कामातच असते. त्या मुलांना मी क्रूर म्हणणार नाही, कारण तीही रात्रभर अमोनियात उभी राहून मजुरी करत असतात.

तिला जे दिसले नसेल, ते अधिक खोलवरचे आहे. चाळीस ग्रॅमचे पिल्लू चाळीस दिवसांत दोन किलोंच्या पुढे जाते, म्हणजे पन्नास पटींहून अधिक वाढते. पाच-सहा वर्षे सहज जगू शकणारा हा जीव आपण निवड पद्धतीने अशा अवस्थेला आणला आहे की त्याच्या छातीवर मांस ज्या वेगाने चढते, त्या वेगाने त्याच्या पायांची हाडे भरत नाहीत आणि हृदय व फुफ्फुसे त्या देहाला पुरी पडत नाहीत. पाय फाकलेले पक्षी, पोटात पाणी झालेले पक्षी, एकाएकी उताणे पडून मेलेले धडधाकट पक्षी तुम्ही रोज मरतुकीच्या नोंदीत लिहिता, पण त्यांतील बराचसा भाग तुमच्या निष्काळजीपणाचा नसून त्या जातीच्या घडणीचाच असतो. शेवटच्या आठवड्यात पक्षी दिवसाचा बहुतेक वेळ बसूनच काढतो, आणि ज्या तुसावर तो बसतो ते ओले असेल तर त्याच्या छातीवर फोड येतात, तळपायाला आणि टाचेला चट्टे पडतात. ज्यांच्यापासून ही पिल्ले येतात त्या जनक कोंबड्यांची गोष्ट तर शेतकऱ्यांनाही फारशी ठाऊक नसते. त्यांना पोटभर खाऊ दिले तर त्या इतक्या जड होतात की अंडी देण्याइतक्या धडपणे जगत नाहीत, म्हणून त्यांना वाढीच्या वयात मोजूनमापून कमी खाद्य दिले जाते आणि त्या भुकेल्या राहतात. आपण भरपूर खाण्यासाठी जी जात घडवली, तिच्या आयांना आपण उपाशी ठेवतो, हे मला आजवर पचलेले नाही.

आता वडिलांचे म्हणणे. त्यांना उडवून लावू नका, कारण जत्रेच्या बकऱ्यात आणि शेडमधल्या पक्ष्यात एक फरक आहे आणि तो त्यांच्याच बाजूचा आहे. ते करडू आईला प्यायले, कळपात वाढले, माळावर चरले, उन्हात बसून त्याने रवंथ केला. त्याचा शेवटचा दिवस वाईट गेला. ब्रॉयलरचा शेवटचा दिवस वाईट जातो आणि त्याआधीच्या चाळीस दिवसांतही त्याला कोंबडीसारखे जगता येत नाही. उकरणे, धुळीत अंग घोळणे, उंचावर जाऊन बसणे यांतले जवळपास काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून ‘पूर्वीपासून चालत आले आहे’ हा आधार घेऊन आजच्या शेडचे समर्थन होत नाही. पूर्वी चालत आले ते हे नव्हतेच. मात्र वडिलांनाही एक गोष्ट सांगा. कत्तलखान्यांसाठी केंद्राने २००१ मध्ये केलेल्या नियमांत एका जनावरासमोर दुसरे कापू नये, गाभण मादी किंवा जिची पिल्ले तीन महिन्यांहून लहान आहेत अशी मादी कापू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. जत्रेत ओळीने बांधलेल्या बकऱ्यांसमोर, ढोल-ताशांच्या गदारोळात, दिवसभर वापरून बोथट झालेल्या सुरीने जे चालते, ते या कसोटीवर उतरत नाही. आडोसा आणि धारदार सुरी एवढे तरी गावाने ठरवायला कोणत्याही देवाची हरकत असणार नाही.

आईंबद्दल लिहिताना मला जास्त जपून लिहावे लागेल. माळ घालताना वारकरी मांसाहार सोडतो, त्यामागे भूतदया आहे आणि त्या संयमाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आपल्या समाजात शाकाहाराचा एक दुसरा वापरही झाला आहे आणि तो फार जुना आहे: कोण वरचा, कोण खालचा, हे ताटावरून ठरवण्याचा. मांस खाणाऱ्याला घर भाड्याने न देणाऱ्या सोसायट्या आजही मुंबई-पुण्यात आहेत, आणि गावाने ज्यांना शिवेबाहेर ठेवले त्यांच्या अन्नाला नाक मुरडणारी तोंडे अजून बंद झालेली नाहीत. त्या सोवळ्याने कोंबडीचे दुःख अणुमात्र कमी होत नाही, माणसाचा मात्र अपमान होतो. ‘मांस खाणेच वाईट आहे का’ या तुमच्या प्रश्नात शुद्ध-अशुद्धाचा काही अंश असेल, तर तो अंश काढून टाका. खाणाऱ्याची जात, त्याचे सोवळे, त्याचा देव यांतील काहीही त्या जिवाला कळत नाही. त्याला वेदना कळते.

आणि वेदना ही कसोटी धरली की दूधही सुटत नाही. आपल्याकडे दुधाला सात्त्विक म्हणून सगळे माफ आहे. म्हैस व्याल्यावर रेडा झाला तर किती गोठ्यांत त्याला पोटभर दूध मिळते, हे गावात कोणाला सांगावे लागत नाही. रेडकू मेले तर म्हशीने पान्हा सोडावा म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले जाते. संकरित गाईच्या गोऱ्ह्याला वशिंड नीट नसते, औताला त्याचा उपयोग नाही. आणि २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि गोऱ्हे यांच्या कत्तलीवरही बंदी असल्यामुळे नको असलेला गोऱ्हा विकताही येत नाही. कायद्याने त्याला मरण नाकारले, पण त्याच्या वैरणीची जबाबदारी प्रत्यक्षात कोणावरच पडली नाही, म्हणून तो अनेक ठिकाणी दाव्याला उपाशी झुरतो किंवा रात्री कुठल्या तरी रस्त्यावर सोडून दिला जातो. अंड्यांचेही तसेच. अंडी देणाऱ्या जातीचे नर पिल्लू ना अंडी देते ना फायदेशीर मांस, म्हणून ते उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी मारले जाते. जर्मनीने ही प्रथा २०२२ च्या आरंभी कायद्याने बंद केली. आपल्याकडे तिच्याबद्दल बोललेही जात नाही. हे सगळे मी आईंना दोष देण्यासाठी लिहिलेले नाही. तुम्ही एकटे पापी आणि बाकीचे घर निष्पाप, अशी जी विभागणी तुमच्या मनाने केली आहे ती खरी नाही, एवढे मला दाखवायचे आहे.

मग मारण्याचे काय? यावर मी माझे मत लपवणार नाही. प्रत्येक प्राण्याला जगण्याची ओढ असते आणि ज्याने कोंबडीला हाताखालून निसटून पळताना पाहिले आहे त्याला याचा वेगळा पुरावा लागत नाही. ती ओढ तोडायची तर तिला पुरेसे कारण हवे. गरज हे पुरेसे कारण आहे. नुसती चव, आणि तीही आठवड्यातून चार वेळा, हे माझ्या मते फार अपुरे कारण आहे. मात्र गरज कोणाची आणि ती कोणी ठरवायची, हे विसरता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. ज्या घरात दूध-पनीर महिनोन्‌महिने येत नाही, तिथे अंडे, सुकट, कधीतरीचे मटण हेच अंगाला लागणारे अन्न असते. राज्य सरकारने २०२३ मध्ये शाळेच्या आहारात आठवड्याला अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला, तेव्हा ज्या मुलांच्या ताटातून ते गेले, त्यांच्याशी मला प्राणिदयेवर बोलता आले नसते. ज्याला डाळ, दूध, सुकामेवा, सगळे परवडते त्याने मांस कमी करावे, आणि खाईल तेव्हा ते कुठून आले हे विचारावे. ज्याला परवडत नाही त्याला कोणी शिकवू नये. मांस खाणेच वाईट का, या प्रश्नाचे माझे उत्तर इतकेच आहे. तुमच्या मुलीने यापुढचे पाऊल टाकले आहे आणि माझ्या मते ते चुकीचे नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही करता त्यात त्या जिवांना खरा त्रास होतो, हे मी नाकारणार नाही. नाकारले तर तुम्हीच माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. पण त्या त्रासाची जबाबदारी अनेकांत वाटलेली आहे आणि तिच्यातला तुमचा वाटा तुम्ही समजता त्याहून लहान आहे. कोणती जात टाकायची, किती पिल्ले टाकायची, कोणत्या दिवशी उचलायची, हे कंपनी ठरवते. कंपनी ते ठरवते बाजारातल्या दरावरून. आणि शहरातला ग्राहक दुकानात उभा राहून फक्त दर विचारतो. कायदा यात फारसा कुठे दिसत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. विधी आयोगाने २०१७ मध्ये अंड्यांच्या आणि मांसाच्या, दोन्ही कोंबड्यांच्या हालअपेष्टांवर स्वतंत्र अहवाल दिला. २०२३ मध्ये जे नियम आले ते अंडी देणाऱ्या कोंबड्यांपुरते, आणि त्यांतही एका कोंबडीला किमान जागा ठरली ५५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या ए-फोर कागदाहूनही कमी. बैलगाडा शर्यतीसाठी आपण २०१४ पासून २०२३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात लढलो, बाजूने आणि विरोधात गावेच्या गावे बोलली. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी कोंबड्या-बदके मोजली गेली, पण त्यांच्यासाठी कुठे एक सभा भरल्याचे मी ऐकलेले नाही. बैलाला आपण नाव देतो, पोळ्याला ओवाळतो. पाच हजारांतल्या एका पक्ष्याला नाव नसते, आणि ज्याला नाव नाही त्याचे हाल सोसणे आपल्याला सोपे जाते.

तुमच्या हातात जे आहे त्याबद्दल मी सविस्तर लिहितो, कारण पाच हजार पक्ष्यांच्या दृष्टीने पत्रातला हाच भाग कामाचा आहे. पहिली गोष्ट अंधाराची. पक्षी सतत खात राहावेत म्हणून पुष्कळ शेडमध्ये रात्रभर दिवे जळतात. पहिला आठवडा सोडला तर त्यांना रोज सहा तास अंधार द्या, त्यांतील चार तरी सलग. युरोपात ब्रॉयलरसाठी हा नियमच आहे. सुरुवातीला वजन थोडे मागे पडल्यासारखे दिसेल, कंपनीचा सुपरवायझर कुरकुर करील. पण झोप मिळालेल्या पक्ष्यांचे पाय अधिक धड राहतात आणि एकाएकी होणारी मरतूक कमी होते. दुसरी गोष्ट तुसाची. मूठभर तूस दाबून सोडा; त्याचा गोळा झाला तर ते ओले आहे, भुरभुरले तर ठीक आहे. पक्षी ज्या निपलमधून पाणी पितात त्यांच्या खालची ओल रोज काढा, तूस खालीवर करा. सकाळी शेडमध्ये शिरल्यावर तुमच्या डोळ्यांना झोंबले तर समजा की जमिनीपासून वीतभर उंचीवर डोळे असलेल्या त्या जिवाला ते रात्रभर झोंबत होते. हिवाळ्यात ऊब टिकावी म्हणून पडदे गच्च बांधण्याची सवय आपल्याकडे आहे. वरून हातभर फट ठेवाच. एप्रिल-मेमध्ये दुपारचे खाद्य उचलून पहाटे आणि रात्री द्या, छपरावर पाचट टाकून ते भिजवा, आणि कंपनीकडे त्या दोन बॅचना पिल्ले कमी मागा. एका पक्ष्याला एक चौरस फूट हा हिशेब सांगलीच्या उन्हात त्याला उभा जाळतो.

तिसरी गोष्ट ऐकायला कठीण आहे. पाय गेलेला पक्षी निपलपर्यंत पोहोचू शकत नाही. तो कोपऱ्यात दोन-तीन दिवस तहानेने मरतो आणि मग नोंदीत येतो. अशा पक्ष्याला वेगळे काढून खाली भांड्यात पाणी-खाद्य द्या, आणि तो सुधारण्याजोगा नसेल तर त्याच दिवशी एका झटक्यात मान मोडून त्याला सोडवा. ही पद्धत तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्याकडून नीट शिकून घ्या, अर्धवट हाताने करू नका. पुष्कळ सज्जन शेतकरी ‘आपल्या हाताने नको’ म्हणून पक्ष्याला तसाच ठेवतात आणि त्याला दया समजतात. त्या पक्ष्याच्या वाट्याला येणारे सर्वांत वाईट दिवस त्या दयेतून येतात.

आणि लिफ्टिंग. टोळीच्या मुकादमाशी आधी बोला. पक्षी पायाला न धरता दोन्ही हातांनी, पंख अंगाशी दाबून, उभा धरून क्रेटमध्ये ठेवता येतो. वेळ जास्त लागतो. त्या जादा तासांची मजुरी शक्य असेल तर तुम्ही द्या. पंख मोडलेले, काळेनिळे पडलेले पक्षी कमी निघाले तर कंपनीही कधीतरी त्यात वाटा उचलेल, आणि तो मागायचा तर एकट्याने न मागता तालुक्यातील दहा-पंधरा पोल्ट्रीधारकांनी मिळून मागा. एकट्या शेतकऱ्याला करारात काही मागता येत नाही, हे मला माहीत आहे.

इथवरचे उपाय बहुतेक तुमच्या फायद्याचेही आहेत. पण प्राण्याचे भले आणि मालकाचा नफा नेहमी एकाच दिशेला जातात, असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. तुम्ही हे सगळे केले तरी त्या जातीच्या देहातच जी वेदना बसवलेली आहे, ती तुमच्या शेडमधून जाणार नाही. तिच्यावर दोनच उपाय आहेत: सावकाश वाढणारी जात पाळणे, किंवा हा धंदा सोडणे. बंगळूरला तयार झालेली गिरिराज, हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराज अशा जाती परसात फिरतात, उकरतात, धावतात, आणि गावरान म्हणून त्यांना दरही बरा मिळतो. त्यांना वाढायला मात्र ब्रॉयलरपेक्षा पुष्कळ जास्त दिवस लागतात, खाद्याचा खर्च तुमच्या अंगावर येतो, विक्री स्वतः करावी लागते, रोग आला तर कंपनी मागे उभी नसते. या हौसेपायी कर्जबाजारी झालेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून शेड आज बंद करू नका. बँकेचा हप्ता चुकवून घेतलेला निर्णय तुमच्या घरावर जो ताण आणील त्यातून कोणत्याही पक्ष्याचे भले होणार नाही. कंपनी तीच पिल्ले पुढच्या गावात टाकील. अर्थात ‘मी नाही तर दुसरा करील’ हे वाक्य कर्ज फिटेपर्यंतच वापरा. ते कोणत्याही कामाला लावता येते, म्हणून त्यावर कायमचे विसंबू नये. दरम्यान शंभर-दीडशे गिरिराज पक्षी शेडशेजारी जाळी मारून, लिंबाच्या सावलीत पाळून पाहा. मात्र दोन कळपांत रोगाची देवाणघेवाण होते, म्हणून त्यांचे अंतर, भांडी आणि तुमच्या चपला वेगळ्या ठेवा, आणि करारात त्याला मनाई नाही ना, हे आधी पाहा. त्यांचा हिशेब वर्षभर लिहा. हप्ते संपतील तेव्हा तुमच्यासमोर स्वतःचे आकडे असतील आणि निर्णय अपराधी भावनेच्या भरात घ्यावा लागणार नाही.

आता मुलीचे. तिच्या आहाराची काळजी करू नका, फक्त एक लक्षात ठेवा: बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही आणि आपल्याकडच्या शाकाहारी माणसांत त्याची कमतरता फार आढळते. ती दूध-दही घेत असेल तरी एकदा रक्त तपासून घ्यावे; दूधही सोडणार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावीच. डाळी, हरभरा, शेंगदाणे, सोयाबीन, हे ती पुण्यात सहज खाऊ शकते.

पण ‘याच कोंबड्यांवर तुझी फी भरतोय’ हे वाक्य तुम्हाला परत घ्यावे लागेल. तिने तुमच्यावर आरोप केला नव्हता. ज्या माणसाला ती सर्वांत जास्त मानते त्याला तिने तिला न सुटलेला प्रश्न विचारला, आणि उत्तरादाखल तिला कळले की त्या सगळ्याचे कारण तीच आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हे ओझे एकटीने वाहू नये. तिला फोन करा. सांगा की तिच्या शिक्षणाचा निर्णय तुमचा होता, शेडचा निर्णयही तुमचा होता आणि त्यांतल्या कशाचेही देणे तिच्यावर नाही. आणि तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर द्या. शेड आपण पूर्व-पश्चिम बांधतो ते ऊन आत येऊ नये म्हणून, कारण आपल्याकडचे ऊन या पक्ष्याला सोसत नाही. त्याला दोन बाजूंनी उजेड दिसतो, वारा लागतो, पण ऊन अंगावर घेऊन मातीत लोळणे त्याच्या नशिबी नाही, आणि हे मलाही आता खुपते, असे तिला सांगा. वडिलांना खुपते आहे, हे कळण्याची तिला अधिक गरज आहे. जमल्यास अंधाराचे सहा तास, तुसाची ओल, पाय गेलेल्या पक्ष्यांची नोंद, या कामात तिची मदत मागा. पुढच्या सुट्टीत ती शेडमध्ये आली तर तिच्या नजरेतून तुम्हाला अनेक गोष्टी दिसतील, ज्या रोजच्या सवयीने दिसेनाशा झाल्या आहेत.

जत्रेला तिला आग्रहाने बोलवा. पालखीला, पाहुण्यांना, आजीला भेटायला यायचे आहे, पंगतीत मटण खाण्यासाठी नव्हे, असे स्पष्ट सांगा. तिच्यासाठी पुरणपोळी आणि आमटी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने करायला सांगा. भावकीतले कोणी तिची चेष्टा केली तर तिला उत्तर द्यायला लावू नका. ‘आमच्या घरात ज्याला जे पटते ते तो खातो’ एवढे तुम्ही म्हणा आणि विषय तिथेच थांबवा. आजोबांना बकरा आडोशाला कापायला राजी करण्याचे काम मात्र तिच्यावर सोपवून पाहा, कारण नातीचा शब्द ते मोडतील असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. चैत्राच्या आधी तुमची एक बॅच जाईल. पुढची पिल्ले येण्यापूर्वी मधल्या रिकाम्या दिवसांत दिव्यांना टायमर बसवून घ्या, गळके निपल बदला, आणि उन्हाळ्याच्या बॅचला पाचशे पिल्ले कमी टाकावीत असे सुपरवायझरला लेखी कळवा.